शेतातील संवेदक-जाळ्याची ताण चाचणी: लघुउपकरणांची खरी वहनक्षमता कशी मोजावी

सिंचन व्यवस्थापन, रोगांचे पूर्वानुमान आणि सूक्ष्म हवामान यांवरील प्रक्षेत्र प्रयोगांत मृद-ओलावा, पर्ण-ओलावा, तापमान व पर्जन्य यांच्या नोंदी आता मोठ्या प्रमाणावर बिनतारी संवेदकांद्वारे घेतल्या जातात. प्लॉटमधील प्रत्येक पेटीत एक लहानसा सूक्ष्मनियंत्रक असतो. तो दर १० किंवा १५ मिनिटांनी काही मोजके बाइट प्रक्षेत्रावरील गेटवेकडे धाडतो आणि गेटवे ते मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरपर्यंत पोहोचवतो. पेटीच्या माहितीपत्रकात वेग मेगाबिटांत दिलेला असतो, तर प्रत्यक्ष गरज बाइटांची असते. त्यामुळे खरेदीच्या वेळी वहनक्षमतेची चाचणी हा विषय सहसा चर्चेलाही येत नाही.

तरीही हंगामाअखेर नोंदवहीत खिंडारे दिसतात. समजा, एका हंगामात एकूण तीन टक्के नोंदी गळाल्या. हे प्रमाण किरकोळ वाटते आणि रिकाम्या जागा शेजारच्या नोंदींच्या सरासरीने भरल्या जातात. परंतु ही गळती हंगामभर समप्रमाणात विखुरलेली नसते. वादळी पाऊस येतो, वीजपुरवठा खंडित होतो, मोबाइल टॉवर बंद पडतो आणि पुरवठा परतल्यावर सर्व पेट्या एकाच वेळी बोलू लागतात. नोंदी गळतात त्या प्रामुख्याने याच काळात. पाऊस पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत मृद-ओलावा कसा चढला आणि पाने किती वेळ ओली राहिली, हेच तर प्रयोगाला हवे असते. संख्याशास्त्राच्या भाषेत ही गळती यादृच्छिक नसते, म्हणून सरासरीने भरलेली जागा निष्कर्षाला एका बाजूला झुकवते. नेटवर्कची ताण चाचणी हा त्यामुळे प्रयोग-आराखड्याचा भाग ठरतो. तो केवळ संगणक विभागाचा प्रश्न राहत नाही.

वेग आणि वहनक्षमता

नेटवर्क-चाचणीच्या क्षेत्रात ‘थ्रूपुट’ या संज्ञेला नेमका अर्थ आहे. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांपैकी १९९१ च्या आरएफसी १२४२ या दस्तऐवजाने तो निश्चित केला: उपकरणाकडे पाठविलेल्या पॅकेटांपैकी एकही न गळता जो कमाल दर टिकतो, तो थ्रूपुट. या व्याख्येतील ‘एकही न गळता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. माहितीपत्रकावरचा आकडा बहुधा रेडिओचा किंवा तारेचा सांकेतिक दर असतो. कालव्याच्या मुखाशी कोरलेला विसर्ग आणि शेवटच्या चारीवरील शेतकऱ्याच्या वाफ्यात पडणारे पाणी यांत जे अंतर असते, तेच येथेही असते.

प्रक्षेत्रांवरील पेट्यांत सर्रास आढळणाऱ्या ईएसपी३२ या सूक्ष्मनियंत्रकाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या वाय-फायचा सांकेतिक दर १५० मेगाबिट प्रतिसेकंद आहे. उत्पादक कंपनीच्याच दस्तऐवजात मात्र खुल्या हवेतील वहनक्षमता टीसीपी पद्धतीने सुमारे २० आणि यूडीपी पद्धतीने सुमारे ३० मेगाबिटांपर्यंत दिलेली आहे. म्हणजे उत्पादकाच्या स्वतःच्या मोजणीतही मोठा हिस्सा वाटेत खर्ची पडतो. रेडिओ एका वेळी बोलू किंवा ऐकू शकतो, दोन्ही करू शकत नाही. प्रत्येक पॅकेटामागे पोचपावती येते, आणि माहिती एका बफरमधून दुसऱ्यात उतरविण्याचे कामही त्याच प्रक्रियकाला करावे लागते.

गेटवे म्हणून वापरल्या जाणाऱ्या मंडळांचीही हीच कथा. २०१८ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ३ बी प्लसवर गिगाबिट इथरनेटचे द्वार होते, परंतु ते आतून यूएसबी २.० वाहिनीला जोडलेले असल्याने प्रत्यक्ष कमाल वेग सुमारे ३०० मेगाबिट इतकाच राहिला. पुढच्या वर्षीच्या चौथ्या आवृत्तीत हा अडथळा दूर झाला. सूक्ष्मनियंत्रकाला एसपीआय वाहिनीने जोडल्या जाणाऱ्या १०० मेगाबिटांच्या इथरनेट चिपांबाबत तर साधे गणित पुरते: ती वाहिनी २० मेगाहर्ट्झवर चालविली, तर सेकंदाला २० मेगाबिटांहून अधिक माहिती आत-बाहेर जाऊच शकत नाही. तारेवर काय छापले आहे, याला मग अर्थ उरत नाही.

मेमरीची मर्यादा

लहान उपकरणाची वहनक्षमता बहुधा रेडिओच्या आधी मेमरीपाशी अडते. ईएसपी३२ मध्ये एकूण ५२० किलोबाइट रॅम असते आणि तिच्यातच कार्यप्रणाली, वाय-फाय, संवेदकांचा प्रोग्राम व नेटवर्कचे बफर या सर्वांना नांदावे लागते. अशा उपकरणांत बहुधा एलडब्ल्यूआयपी ही नेटवर्क-संहिता असते. स्वीडिश इन्स्टिट्यूट ऑफ कम्प्युटर सायन्समध्ये अ‍ॅडम डंकेल्स यांनी ती मुळातच कमी मेमरीसाठी रचली. कमी मेमरीत भागवायचे, तर एका वेळी थोडीच माहिती वाटेवर सोडावी लागते.

टीसीपी पद्धतीत पोचपावती येण्यापूर्वी किती बाइट वाटेवर असू शकतात, या मर्यादेला ‘विंडो’ म्हणतात. ईएसपी३२ च्या मूळ मांडणीत ती सुमारे ५,७५० बाइट, म्हणजे ४६,००० बिट असते. वहनक्षमतेची वरची मर्यादा काढण्यासाठी या संख्येला जाऊन-येण्याच्या काळाने भागावे. प्रयोगशाळेतील राउटरपर्यंत जाऊन-येण्यास ५ मिलिसेकंद लागत असतील, तर उत्तर येते ९.२ मेगाबिट प्रतिसेकंद. तीच पेटी प्रक्षेत्रावरून मोबाइल नेटवर्कमार्गे दूरच्या सर्व्हरशी बोलू लागली आणि हा काळ २०० मिलिसेकंद झाला, तर उत्तर उरते सेकंदाला अवघे २ लाख ३० हजार बिट. उपकरण, प्रोग्राम आणि रेडिओ तेच असूनही वहनक्षमता चाळीस पटींनी घसरते. टेबलावर घेतलेल्या चाचणीचा आकडा प्रक्षेत्रावर का टिकत नाही, याचे हे एक कारण आहे, आणि ते उपकरण न बदलता केवळ गणिताने आधीच कळू शकते.

विंडो वाढविण्याचा मोह अशा वेळी होतो. ती वाढविता येते, पण त्यासाठी लागणारी रॅम दुसरीकडून काढावी लागते. सुरक्षित टीएलएस जोडणीत एका नोंदखंडाचा आकार १६ किलोबाइटांपर्यंत असू शकतो. येणाऱ्या व जाणाऱ्या माहितीसाठी पूर्ण आकाराचे बफर ठेवले, तर एकाच जोडणीला ३२ किलोबाइटांहून अधिक जागा लागते. अशा तीन-चार जोडण्या एकत्र उघडल्या, की एरवी महिनोन्‌महिने सुरळीत चालणारी पेटी अचानक पुन्हा सुरू होते. म्हणून ताण चाचणीत वेगाच्या आकड्यासोबत मोकळ्या मेमरीची नीचतम पातळी नोंदविणे अनिवार्य मानावे.

लहान पॅकेटांचा भार

१९९९ च्या आरएफसी २५४४ या दस्तऐवजाने इथरनेटच्या चाचणीसाठी ६४ ते १,५१८ बाइटांपर्यंतचे सात आकार सुचविले. त्यामागील कारण शेतीच्या संवेदकांना विशेष लागू पडते. १०० मेगाबिटांच्या तारेवरून १,५१८ बाइटांची पॅकेटे सेकंदाला जास्तीत जास्त ८,१२७ जातात. ६४ बाइटांची मात्र १,४८,८०० हून अधिक जाऊ शकतात. तार दोन्ही वेळा तेवढीच भरलेली असते, परंतु प्रक्रियकाला दर पॅकेटामागे जवळजवळ सारखेच श्रम पडत असल्याने दुसऱ्या प्रसंगी त्याचे काम अठरापटींनी वाढते. मोठ्या पॅकेटांची चाचणी तारेची परीक्षा घेते, लहान पॅकेटांची चाचणी प्रक्रियकाची. मृद-ओलाव्याची नोंद ४० बाइटांची असते. विक्रेता मोठ्या पॅकेटांवर घेतलेला मेगाबिटांचा आकडा दाखवीत असेल, तर तो खोटा नसतो. या कामासाठी तो निरुपयोगी असतो, इतकेच. प्रक्षेत्रासाठी विचारायचा प्रश्न असा: ४० ते १०० बाइटांची किती पॅकेटे हा गेटवे सेकंदाला न गाळता स्वीकारतो?

चाचणीची रीत

या कामासाठी आयपर्फ हे मुक्त साधन सर्वत्र वापरले जाते. एका टोकाला लॅपटॉपवर ते श्रोता म्हणून चालवावे आणि दुसऱ्या टोकाला उपकरणावर प्रेषक म्हणून. नंतर भूमिका बदलाव्यात, कारण पाठविण्याची व स्वीकारण्याची क्षमता क्वचितच सारखी असते. लॅपटॉप राउटरला तारेने जोडलेला असावा, अन्यथा दोन बिनतारी दुव्यांची बेरीज मोजली जाते आणि दोष कोणाचा, हे कळत नाही. टीसीपी चाचणी गळालेले पॅकेट स्वतःच पुन्हा पाठविते, त्यामुळे गळती वेगातील घट म्हणून दिसते. यूडीपी चाचणीत दर आपण ठरवायचा आणि गळती उघड मोजायची. दर पायरीपायरीने वाढवीत जावे. ज्या पायरीवर पहिली गळती दिसते, तिच्या खालची पायरी म्हणजे त्या उपकरणाचे थ्रूपुट.

दहा सेकंदांची चाचणी मात्र फारसे काही सांगत नाही. सुरुवातीस बफर रिकामे असतात, चिप थंड असते, बॅटरी भरलेली असते. उपकरणाला त्याच्या नेहमीच्या सर्व कामांसह, म्हणजे संवेदक वाचणे, मेमरी कार्डावर लिहिणे, माहिती कूटबद्ध करणे हे सर्व सुरू ठेवून, किमान २४ तास भाराखाली चालवावे. रिकाम्या उपकरणावर मिळालेला आकडा हा रिकाम्या बैलगाडीच्या वेगासारखा असतो.

वीजपुरवठ्याची परीक्षाही याच चाचणीत होते. ईएसपी३२ वाय-फायवरून पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करतो तेव्हा त्याला सुमारे २४० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह लागतो आणि पुरवठा किमान ५०० मिलिअँपिअर क्षमतेचा असावा अशी उत्पादकाची शिफारस आहे. सौर पट्टीपासून पेटीपर्यंतची तार बारीक व लांब असेल, तर या क्षणी दाब कोसळतो आणि चिपमधील संरक्षण-मंडल उपकरण पुन्हा सुरू करते. कमी भारावर हा दोष कधीच दिसत नाही. नोंदींची रांग साचल्यावर सलग प्रक्षेपण सुरू होते आणि तेव्हाच तो डोके वर काढतो. चाचणी प्रक्षेत्रावरील खरी तार, खरी बॅटरी आणि उन्हात ठेवलेली बंद पेटी यांसह घेण्याचा आग्रह यासाठीच धरावा.

एक दोष असा, की तो २४ तासांच्या चाचणीतही सापडत नाही. अनेक पेट्यांचे प्रोग्राम ३२ बिटांच्या मिलिसेकंद-मोजकावर वेळ पाहतात. हा मोजक ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. ११० दिवसांच्या पिकात असे दोनदा घडते, आणि वजाबाकी चुकीच्या रीतीने लिहिलेली असेल तर पेटी त्या दिवशी गप्प होते. चाचणीच्या वेळी हा मोजक मुद्दाम कमाल मर्यादेजवळून सुरू करावा.

खंडानंतरची गर्दी

खरा ताण सरासरी भारातून येत नाही, तो खंडानंतर येतो. समजा, एका प्रक्षेत्रावर १२० पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटी दर १५ मिनिटांनी ४० बाइटांची नोंद देते. मोबाइल नेटवर्क सहा तास बंद राहिले, तर गेटवेपाशी २,८८० नोंदी साचतात. एकूण माहिती सुमारे १ लाख १५ हजार बाइट. २० मेगाबिटांच्या दुव्यावरून ती एका सेकंदाच्या विसाव्या भागात जायला हवी.

प्रत्यक्षात प्रोग्राम बहुधा प्रत्येक नोंदीसाठी नवी सुरक्षित जोडणी उघडतो, ओळख पटवितो, नोंद देतो आणि जोडणी बंद करतो. या साऱ्याला दोन सेकंद लागत असतील, तर १५ मिनिटांत ४५० नोंदी जातात. त्याच वेळात १२० नव्या नोंदी येतात, म्हणजे रांग ३३० ने घटते आणि ती संपण्यास सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. सिग्नल क्षीण असल्याने एका नोंदीस पाच सेकंद लागले, तर १५ मिनिटांत १८० नोंदी जातात, रांग ६० नेच घटते आणि निचऱ्याला १२ तास लागतात. आठ सेकंद लागले तर? १५ मिनिटांत ११२ नोंदी जातात आणि १२० येतात. रांग कधीच संपत नाही, मेमरी भरते आणि सर्वांत जुन्या नोंदी, म्हणजे पावसाच्या वेळच्याच नोंदी, प्रथम पुसल्या जातात.

या तिन्ही प्रसंगांत उपकरणाचा सांकेतिक वेग एकच आहे. बदलतो तो निचऱ्याचा दर. चिबड जमिनीच्या बाबतीत पाऊस किती पडला यापेक्षा निचरा किती वेगाने होतो हे पाहावे लागते, तसेच येथे पाहावे. एका जोडणीत पन्नास नोंदी एकत्र पाठविण्याची सोय प्रोग्राममध्ये केली, तर वरील बहुतेक अडचण नाहीशी होते. हा बदल विनाखर्च आहे आणि महागडा गेटवे घेण्यापूर्वी तो करून पाहावा. नोंदी रॅममध्ये न ठेवता फ्लॅश मेमरीत ठेवणेही तितकेच आवश्यक, कारण उपकरण पुन्हा सुरू झाले की रॅम कोरी होते.

ही चाचणी घेणे अवघड नाही. गेटवेचा बाहेरचा दुवा सहा तास तोडून ठेवावा, संवेदक चालू ठेवावेत, दुवा पुन्हा जोडावा आणि रांग शून्यावर येईपर्यंतचा काळ मोजावा. त्यानंतर संपूर्ण प्रक्षेत्राचा वीजपुरवठा एकदम बंद करून एकदम सुरू करावा. सर्व पेट्या एकाच क्षणी जाग्या होऊन राउटरकडे पत्ता मागू लागल्या, की कोणत्या मागे पडतात हे लगेच दिसते. प्रत्येक पेटीने जागे झाल्यावर काही यादृच्छिक सेकंद थांबून मगच जोडणी मागावी आणि अपयश आल्यास थांबण्याचा काळ दरवेळी दुप्पट करावा, हा त्यावरील सुपरिचित उपाय आहे.

लोराचे वेगळे गणित

लांब पल्ल्याच्या लोरा पद्धतीत मेगाबिटांचा प्रश्नच येत नाही. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा परवानामुक्त पट्टा यासाठी वापरला जातो आणि त्यावरील नेहमीचे दर सेकंदाला सुमारे २५० ते ५,४७० बिट इतकेच असतात. येथे मोजायची गोष्ट म्हणजे एक संदेश हवेत किती काळ राहतो ती. लोरावॅनच्या आवरणासह १० बाइटांची नोंद सर्वांत जलद मांडणीत, म्हणजे एसएफ ७ वर, सुमारे ०.०६ सेकंद हवेत असते. सर्वांत संथ अशा एसएफ १२ वर तीच १.४८ सेकंद घेते.

लोराच्या पेट्या सहसा न विचारता बोलतात. ही रीत नॉर्मन अब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये सुरू झालेल्या अलोहा जाळ्यातून आलेली आहे, आणि तिची मर्यादाही तेव्हापासून ज्ञात आहे: माध्यमाचा कमाल १८.४ टक्के काळच उपयोगी पडतो. समजा, ३०० पेट्या दर १५ मिनिटांनी एक नोंद देतात आणि भारतासाठी ठरविलेल्या तीन मूळ वाहिन्यांवर विभागल्या आहेत. सर्व एसएफ ७ वर असतील, तर अलोहाच्या गणितानुसार ९८ टक्क्यांहून अधिक संदेश टक्कर न होता पोहोचतात. सर्व एसएफ १२ वर असतील, तर सुमारे ७२ टक्केच पोहोचतात. पल्ला वाढावा म्हणून सरसकट एसएफ १२ निवडण्याची पद्धत त्यामुळे घातक ठरते.

शिवाय हे गणित पेट्या यादृच्छिक वेळी बोलतात असे गृहीत धरते. प्रत्यक्षात घड्याळे जुळविलेली असतात आणि सर्व पेट्या तासाच्या ०, १५, ३० व ४५ व्या मिनिटाला जाग्या होतात. एसएफ ७ वरदेखील ३०० संदेशांना मिळून साडेअठरा सेकंदांचा हवेतील काळ लागतो. तो तीन वाहिन्यांवर एका सेकंदात मावणार नाही. वाचन एकाच वेळी घ्यावे, कारण प्रयोगाला ते हवे असते. प्रेषण मात्र पुढील काही मिनिटांत विखुरावे.

पीक वाढल्यावर

मे महिन्यातील उघड्या रानात उत्तीर्ण झालेले जाळे सप्टेंबरच्या उसात किंवा बागेत तसेच चालेल, असे धरून चालता येत नाही. पानांतील पाणी रेडिओलहरी शोषते व विखुरते. मार्क वाइसबर्गर यांनी १९८२ मध्ये मांडलेले वृक्षराजीसाठीचे अनुभवजन्य सूत्र वापरले, तर ५० मीटर दाट पालवीतून जाताना २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फाय लहरीत सुमारे १७ डेसिबलांची, तर ८६५ मेगाहर्ट्झच्या लहरीत सुमारे १३ डेसिबलांची घट येते. १७ डेसिबल म्हणजे शक्तीचा पन्नासावा हिस्सा उरणे. हे सूत्र वृक्षांसाठी आहे, त्यामुळे आंबा, सुपारी किंवा संत्र्याच्या बागेस ते अधिक जवळचे. ऊस-मक्यासाठी प्रत्यक्ष मोजणीच करावी. सिग्नल घटला की उपकरण स्वतःहून संथ दरावर उतरते, प्रत्येक संदेश हवेत अधिक काळ राहतो, टकरी वाढतात आणि पुन्हा पाठविण्याने भार आणखी चढतो. त्यामुळे पेरणीपूर्वीची चाचणी पिकाच्या कमाल पर्णक्षेत्राच्या अवस्थेत, आणि शक्य तर पाऊस पडून गेल्यानंतर लगेच, पुन्हा घ्यावी.

चाचणीची नोंद प्रयोगाच्या मुख्य नोंदवहीतच ठेवावी. तीत फर्मवेअरची आवृत्ती, पॅकेटचा आकार, अँटेनाची उंची, पिकाची उंची व अवस्था, पुरवठ्याचा किमान दाब, मोकळ्या मेमरीची नीचतम पातळी, पहिल्या गळतीपूर्वीचा दर आणि सहा तासांच्या खंडानंतर रांग संपण्यास लागलेला काळ हे सर्व असावे. फर्मवेअर बदलल्यास जुने आकडे रद्द समजावेत. हंगामात गळालेल्या प्रत्येक नोंदीपुढे तिची वेळ आणि त्या वेळची पर्जन्यस्थिती लिहिलेली असेल, तर विश्लेषण करणाऱ्याला ती रिकामी जागा सरासरीने भरायची की तशीच सोडायची, हे ठरविता येते.